उजव्या दाराची तार

बाबा, चाचांच्या गाडीत गाण्याला बेस येत नव्हता. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी तुमचं दुकान मी पुन्हा उघडलं आणि पहिल्याच गाडीत हे झालं, म्हणून तिथूनच सांगते. चाचा म्हणजे तेच, बाजारातले मसाल्याचे व्यापारी. आखातातून परत आल्यावर घेतलेल्या गाडीत त्यांनी तुमच्याकडून टेप बसवून घेतला होता. ती गाडी त्यांनी अजून विकलेली नाही. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन ग्रॅज्युएट झाले, आपल्या घरातली पहिली, आणि आईची इच्छा होती की मी एखाद्या कंपनीत लागावं. मी म्हटलं, मला दुकान दे. आई म्हणाली, "एक गाडी करून दाव. चाचा हो बोलले तर दुकान तुजा. नाय बोलले तर परत त्या मोबाइल कव्हरवाल्याला भाड्यानं देनार." तुमच्या वेळची सगळी गिऱ्हाइकं चाचांना विचारून चालतात, हे तिला माहीत होतं.

मी जुना टेप काढून नवा स्टिरिओ लावला, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवला, पुढच्या दोन्ही दारांत मोठे स्पीकर घातले. डाव्या दाराची तार बिजागरापाशी तुटली होती, ती नवी ओढली. उजव्या दाराची तार तुमची होती आणि इतक्या वर्षांनी अगदी धड होती. नवीन काम करताना तीही बदलायला हवी, हे मला कळत होतं. पण तुमच्या हातची तार ओढून काढायला मन होईना. तिचं दाराकडचं टोक तसंच नव्या स्पीकरवर बसवलं, दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं.

चाचा आले, काचा वर केल्या, त्यांची कव्वाली लावली. मी बाजूच्या सीटवर हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी. कडवं संपलं तशी त्यांनी आवाज कमी केला. "बेटा, आवाज मोठा झाला, पण भरत नाही. एवढं सामान बसवलंस आणि ढोलकवाल्याला सुट्टी दिलीस काय?" मी हसले नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "जुम्याला येतो. बघ काय ते."

दोन दिवस मी ती गाडी उकलून बसले. बॅटरीपासूनची जाड तार तपासली, बॉडीला जिथे अर्थिंग दिलं होतं तिथला रंग घासून खालचा पत्रा उघडा केला, अ‍ॅम्प्लिफायरची बटणं पुन्हा लावली, दारातली भोकं बुजवली. मीटर प्रत्येक ठिकाणी बरोबर आकडा दाखवत होता. बेस नव्हता. मग कंटाळून मी आवाज फक्त डावीकडे फिरवला आणि ढोलक आला. फक्त उजवीकडे फिरवला, तरी आला. मध्ये आणला की गेला. कॉलेजच्या पुस्तकात याची आकृती आहे, दोन लाटा एकमेकींच्या उलट काढायच्या आणि खाली बेरीज म्हणून सरळ रेघ मारायची. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. पण दोन चांगले स्पीकर, दोन्ही जीव तोडून वाजतायत, एक हवा पुढे ढकलतोय तेव्हाच दुसरा ती मागे ओढतोय, आणि मध्ये बसणाऱ्याला ढोलकच नाही, हे मी पहिल्यांदा अंगावर अनुभवलं. एक हात डाव्या दारावर, एक उजव्या दारावर. दोन्ही दारं थरथरत होती.

तेव्हा तुमचा टॉर्चचा सेल आठवला. मी शाळेच्या गणवेशात स्टुलावर बसलेय आणि तुम्ही स्पीकरच्या दोन तारा सेलला टेकवताय. "बग नीट. परदा भायेर आला का आत गेला? भायेर आला तर सरल जोडलाय." मी तसंच केलं. डावा पडदा बाहेर आला, उजवा आत गेला. मग उजव्या दाराची तार बोटांत धरून पाहिली. दोन काळ्या तारा एकमेकींना चिकटलेल्या, त्यातल्या एकीवर बोटाला लागणारी उंच रेघ. पुस्तकात रेघेची तार वजा असते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरकडे मी ती वजाला जोडली होती. दाराकडे मात्र तुम्ही तिच्या टोकाला स्पीकरच्या अधिकच्या बाजूलाच बसणारी रुंद पट्टी लावलेली होती. मी अ‍ॅम्प्लिफायरकडच्या टोकांची अदलाबदल केली. ढोलक जागेवर आला.

जुम्याची नमाज झाल्यावर चाचा आले. ऐकताना त्यांनी डोळे मिटले, बोटं स्टिअरिंगवर ठेका धरू लागली. "आला," ते म्हणाले. "वा बेटा. काय झालं होतं?" आणि मी म्हणाले, "उजवीकडची जुनी तार उलटी होती, चाचा. सरळ केली." त्यांनी उजव्या दारावर हात ठेवला. "अच्छा. म्हणजे इतकी वरसं उलटीच वाजत होती." मी मान हलवली. त्यांनी आईला हो म्हणून सांगितलं आणि बाजारात सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले, बापाचं काम पोरीने सरळ केलं.

त्या वाक्यावर आता दुकान चाललंय, बाबा. नेऱ्याहून, ओव्याहून, आसपासच्या गावांतून लोक तुम्ही केलेल्या जुन्या गाड्या घेऊन येतात. "आमची पन बग गो, उलटी आसंल." मी दारं उघडते. आजवर सात गाड्या उघडल्या. सातही गाड्यांत रेघेची तार अधिकला, दोन्ही दारांत, दोन्ही टोकांना, एकदाही चूक नाही. जिथे तार पत्र्याला घासेल तिथे जाड कापडाची पट्टी, वीतभर अंतरावर दोऱ्याची गाठ, आणि सगळ्या गाठी एकाच दिशेला. दाराच्या आत हे कोण बघणार होतं? पुस्तकाचा नियम तुमच्या नियमाच्या उलट होता इतकंच, तुमचं काम तुमच्या नियमाला धरून चोख होतं. मी एका टोकाला तुमचा नियम ठेवला आणि दुसऱ्या टोकाला माझा लावला, तिथे ढोलक मेला. आणखी एक दिसलं. सातही गाड्यांत तुम्ही ओढलेली एकही लाल तार नव्हती.

मी आईला विचारलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना लाल कुटं कलायचा? काला नि लाल एकच दिसं. कंपनीत डोलं तपासलं नि परत पाठवला, म्हनून तं दुकान टाकला. कुनाला बोलू नको बोलले. लाल तार कलत नाय म्हटल्यावर गाडी कोन हातात देल?"

माझ्या गॅदरिंगला लाल रिबिनी हव्या होत्या, तुम्ही गडद चॉकलेटी आणल्या. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, बाबांना साधं लाल कळत नाही. तुम्ही कधी रागवायचा नाहीत, त्या दिवशी मात्र म्हणालात, "लय बोलतंस." दुसऱ्या दिवशी मला रिबिनींच्या दुकानात नेलंत आणि काउंटरसमोर उभं केलंत. "तूच उचल." त्यानंतर रंगाची कुठलीही वस्तू घ्यायची तर तुम्ही मला बरोबर न्यायचात आणि मला वाटायचं, माझे लाड चाललेत. टोमॅटो तुम्ही अंगठ्याने दाबून घ्यायचात. तोच अंगठा डॅशबोर्डखाली, पाठीवर झोपून, रंगीत तारांच्या जंजाळात त्या एका उंच रेघेवरून फिरत असेल. सगळं पनवेल तुम्ही असं चाचपत वाजतं केलंत. मी तीन वर्षं शिकले, मला हे सुचलं नसतं.

आज आपटा गावचे एक काका आले होते. मी दोन्ही दारं पाहिली आणि बंद केली. त्यांनी विचारलं, "उलटी हाय का?" मी म्हटलं, "नाही काका. बाबांची एकही तार उलटी नाही." ते म्हणाले, "मग चाचा बोलतान ते?" मी खाली वाकून एक स्क्रू आवळत राहिले. तो आधीच घट्ट होता.

चाचांसाठी मोबाइलवर दोन ओळी लिहून ठेवल्यात. तार उलटी नव्हती, मीच उलटी जोडली होती. वाचून त्यांनी आईला दिलेला शब्द मागे घेतला तर काय, याचा विचार करत चार दिवस गेले. तुम्हाला एवढं लिहून झालं, बाबा. त्या दोन ओळी अजून पाठवलेल्या नाहीत.