तुमचा चष्मा आमच्याकडेच आहे

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण जमिनीवर लाकडी ठोकळे पसरलेत आणि ते मोठ्यांनी उचलायचे नाहीत असा सध्या घरात नियम आहे. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा, तुमचं शिवणाचं मशीन आणि तुमच्या दुकानासमोरचा तो खणून ठेवलेला रस्ता, तिघांचीही प्रकृती सुधारत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधू ठीक, म्हणजे वेळेवर जेवतात आणि अधूनमधून मला हसतात. इन्स्पेक्टरही ठीक. लेकीला हे नाव तुम्हीच ठेवलंत (घरात येणाऱ्या प्रत्येकाकडे ती चौकशी लावल्यासारखी बघते म्हणून) आणि आता तिच्या वर्गातल्या बाईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारतात. मी शब्दकोश पालथा घालून ठेवलेलं नाव फक्त तिच्या फाइलवर उरलं आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पत्राचं कारण एवढंच, की तुमचा वाचायचा चष्मा आमच्याकडे राहिला. फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात सापडला. काचा धड आहेत. पुसून, जाड कागदात गुंडाळून, खालच्या फळीवर ठेवला आहे आणि सोमवारी कुरिअरने पाठवते. त्यासाठी मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नका.

इथे पत्र संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही निघालात तेव्हा मी जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही, त्यामुळे मी रागावले आहे असा तुमचा समज झाला असेल. तो खोडून काढते. राग मला ओळखता येतो. तो चढतो आणि कपडे वाळत घालेपर्यंत उतरतो. हे जे काही आहे ते तुम्ही गेल्यापासून तसूभरही उतरलेलं नाही. याचं नाव काय, असं मी तुमच्या बंधूंना तटस्थपणे विचारलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जळफळाट." मी तपासून पाहिलं. निदान बरोबर आहे.

आता मुळापासून सांगते. मी काय काम करते असं कुणी विचारलं की तुम्ही "दारांचं काहीतरी" म्हणता. ते असं आहे: दवाखान्यांना, बँकांना आपोआप उघडणारी काचेची दारं लागतात. दाराने माणूस किती लांबून ओळखायचा आणि किती चपळाईने बाजूला व्हायचं, ते मी ठरवते. चांगल्या दारापाशी माणसाला थांबावं लागत नाही, हात उचलावा लागत नाही, किंबहुना इथे दार होतं हेच त्याच्या गावी नसतं. घरही मी तसंच चालवते. इन्स्पेक्टरला तहान लागण्याआधी पेला तिच्या ओठाशी असतो. चेंडू सोफ्याखाली जाण्याआधी माझा पाय तिथे असतो. ती साडेतीन वर्षांची आहे, तिची समज अजून दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाएवढी, आणि तिला एकही शब्द येत नव्हता, तेव्हा तिला कशासाठीही ताटकळावं लागू नये एवढं तरी माझ्या हातात आहे असं मला वाटायचं. मला त्याचा अभिमान होता. (हा भूतकाळ जाणूनबुजून वापरला आहे.)

तिचा वर्ग तुम्ही पाहिला नाहीत. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, जिन्यात ग्रीसचा वास येतो, आणि आत सगळ्या खुर्च्या चिमुकल्या. आईबापांसाठी वेगळ्या नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे हनुवटीला टेकवून बसतो आणि या अवस्थेत कुणालाही फार शहाणपणा सुचत नाही. बाई धिप्पाड आहेत आणि त्यांना कसलीच घाई नसते. त्या शिकवतात मुलांना, पण ओरडा खातो आम्ही. त्यांचा पहिला नियम असा, की मूल मागेपर्यंत द्यायचं नाही. त्याने बघावं, हात पुढे करावा, आवाज काढावा, काहीही. पण पहिली हालचाल त्याच्याकडून यायला हवी, आणि तोवर आपण गप्प. आता गप्प बसणं कुठल्या आईबापाला जमलंय? म्हणून बाई प्रत्येकाला घोटभर पाणी देतात. ते तोंडात धरायचं, गिळायचं नाही, मुलासमोर खेळणं ठेवायचं आणि वाट बघायची.

आमच्यात एक ट्रकवाले दादा आहेत. त्यांच्या मुलाने पहिल्यांदा गाडीकडे बोट नेलं तेव्हा दादांनी "शाब्बास रे वाघा!" म्हणून आरोळी ठोकली आणि तोंडातलं सगळं पाणी बाईंच्या कपाळावर गेलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चालेल. तुमचं पाणी सत्कारणी लागलं." माझं पाणी मात्र कधीच सांडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. मी वर्गात पहिली आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यात बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तोंड गप्प आहे, पण हात किती बडबडतायत!" खाली बघितलं तर खेळण्याच्या बरणीचं झाकण माझ्याच बोटांनी अर्धं सैल केलेलं. मग मला हातांवर बसवलं. मग चेंडू माझ्या पायाने ढकलला. "पुढच्या वेळी दोरी आणते," बाई म्हणाल्या, आणि दादांनी ट्रकमधली देऊ केली.

वन्सं, हे असं कितीतरी महिने चाललं. तोंडात पाणी, बुडाखाली हात, आणि समोर आमची इन्स्पेक्टर. ती बरणीकडे बघायची, मग माझ्याकडे. त्या बघण्यात आशा नसायची, विनवणी नसायची. नुसती खात्री असायची. बँकेच्या दारासमोर गिऱ्हाईक उभं राहतं ना, तशी. मला तिच्याकडून फार काही नको होतं. तिने एकदा माझ्याकडे काहीतरी मागावं, एवढंच. बोट, आवाज, काहीही, पण माझ्याकडे.

आणि मग तुम्ही आलात.

तुमच्याबरोबर आल्या सहा पिशव्या, ज्यांपैकी एकीतही हवी ती वस्तू नव्हती, आणि तो पत्र्याचा बटणांचा डबा, ज्याचं झाकण पोचा पडल्यामुळे कुणाच्या बापाला उघडत नाही. (मला उघडतं. चमच्याचं टोक डाव्या कडेला घालायचं. पण मला कुणी विचारलं नाही.) त्यातली छोटी बटणं मी पहिल्याच दिवशी काढून घेतली, कारण ती मुलाच्या घशात अडकू शकतात, आणि तुम्ही तोंडावर हात ठेवून म्हणालात, "अगं वहिनी, माझ्या ध्यानातच नाही आलं!" तेही खरंच होतं. तुमच्या ध्यानात काय येतं हा संशोधनाचा विषय आहे. तुम्ही इन्स्पेक्टरचे बूट उलटसुलट घातलेत. आंघोळीचं पाणी काढून टॉवेल आणायला गेलात आणि शेजारणीशी बोलत बसलात. तिला वाटी दिलीत आणि चमचा द्यायचा विसरलात, आणि ती वाटीकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीने बघत बसली. मी स्वयंपाकघरातून चमचा घेऊन धावले तर तुमचे बंधू आडवे. "राहू दे गं, ताई देईल." ताई कसली देतेय! ताई चमचा शोधायला गेली आणि येताना झाडू घेऊन आली.

तो प्रसंग तुम्हाला आठवत नसणार, म्हणून लिहिते. तुम्ही खाली बसला होतात, डबा मांडीत, आणि चष्मा शोधत होतात. चष्मा तुमच्या डोक्यावर होता. इन्स्पेक्टरने डबा वाजवला. तुम्ही म्हणालात, "थांब गं बाई, आधी चष्मा." तिने पुन्हा वाजवला. "हो हो, थांब." आणि तुम्ही सोफ्याखाली वाकलात. मी दारात उभी होते, हातात चमचा घेऊन. तेव्हा ती उठली, तिने तुमची हनुवटी धरली, तुमचं तोंड सोफ्याखालून ओढून डब्याकडे वळवलं आणि म्हणाली, "दे."

माझ्या मुलीचा पहिला शब्द. आणि तुम्ही काय म्हणालात? "देते गं, पण माझा चष्मा तू घेतलास का?"

तुमच्या बंधूंनी तिला उचलून घरभर नाचवलं. मीही हसले. (हसले होते. साक्षीदार आहेत.) मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली.

जखमेवर मीठ चोळायचं काम बाईंनी केलं. ही हकिगत मी वर्गात शक्य तेवढ्या कोरडेपणाने सांगितली, तर त्या चिमुकल्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. "कोण या बाई? कुठे शिकल्या?" मी म्हटलं, शिवणकाम. "त्यांची पद्धत काय?" मी म्हटलं, त्यांना काही सापडत नाही. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "आहा! मी वर्षानुवर्षं पालकांना पाणी पाजतेय, आणि या बाईंना उपजतच आहे!" आता त्यांना सगळ्या पालकांसमोर तुमचं प्रात्यक्षिक ठेवायचंय. दादांनी तुमचा नंबर मागितला. मी दिला नाही.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्या बंधूंकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी तुमची पद्धत अभ्यासली. बिनानंबरचा चष्मा आणला आणि डोक्यावर ठेवला. घट्ट झाकणाचा डबा आणला (तुमचा तुम्ही घेऊन गेलात, न्यायचा तो चष्मा विसरलात आणि ठेवायचा तो डबा बरोबर नेलात) आणि झाकणाला हातोडीने पोचा पाडला, शेजारी विचारायला आले इतका व्यवस्थित. रोज काय काय विसरायचं ते मी आदल्या दिवशी ठरवायला लागले. तुमचे बंधू सकाळी विचारायचे, "आज काय विसरणार आहेस? म्हणजे मी लक्षात ठेवतो." सोमवारी चमचा. मंगळवारी डावा बूट. मी "कुठे गेला गं बाई" असं अगदी तुमच्या सुरात म्हणत खोलीभर फिरायचे, आणि इन्स्पेक्टर जागची न हलता, जिथे मी बूट लपवला होता त्या पिशवीकडे बघत बसायची. तिला माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, वन्सं. माझं काहीही हरवणार नाही आणि माझ्यापुढे कुठलंही झाकण टिकणार नाही, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. जगात मला ज्याचं सर्वांत जास्त कौतुक वाटायला हवं, तेच नेमकं माझ्या मुळावर आलं.

बाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही थांबायचं नाटक करताय. तिला नाटक कळतं. तुम्हाला खरोखर न देता येणारं काहीतरी एकदा तिला मागू द्या." मी विचारलं, असं काय आहे? त्या म्हणाल्या, "ते तीच शोधेल." ठोकळ्यांचा नियमही त्यांचाच (तिने मदत मागेपर्यंत आम्ही आवरायचे नाहीत), म्हणून ते अजून जमिनीवर आहेत आणि काल माझ्या टाचेत एक घुसला.

असो. तुम्ही तिकडे सुखात असा. इकडची काळजी नसावी आणि घाईने येण्याचं काही कारण नाही. गुडघ्याला जप.

आपली,
वहिनी

ता. क. वरचं "जप" चुकून एकेरी झालं. "जपा" वाचावं. खाडाखोड करायला वेळ नाही.

ता. क. २. पत्र बंद करून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं. आज संध्याकाळी मी फळीशी पाठ करून ठोकळ्यांमधून वाट काढत होते. मागे कागद फाटल्याचा आवाज आला. इन्स्पेक्टरने तुमच्या चष्म्याचं पुडकं उघडलं होतं. ती चष्मा घेऊन आली, तो तिने माझ्या तळहातावर ठेवला, माझी हनुवटी धरली (पकड चांगली आहे, तुम्ही बोलला नाहीत) आणि माझं तोंड बाहेरच्या दाराकडे वळवलं. "दे." मी दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तिने हनुवटी पुन्हा ओढली, जरा जोरात. "दे!" तेव्हा मला कळलं. मागितलं माझ्याकडे, आणि मागितलं तुम्हाला. माझ्या तोंडात पाणी नव्हतं, नाहीतर या वेळी माझंही सांडलं असतं. आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो, आणि ते काही उघडलं नाही. जळफळाट कायम आहे, फक्त आता तो आणि आनंद वेगवेगळे मोजता येत नाहीत.

ता. क. ३. पुढच्या गुरुवारी बाईंचा वर्ग आहे. गाडीचं तिकीट तुमच्या बंधूंनी काढलं आहे. डबा आणा; विसरलात तर उत्तमच.

ता. क. ४. चष्मा कुरिअरने पाठवता येणार नाही. तो मी कुठे ठेवला ते विसरले आहे. तुम्हाला येऊनच शोधावा लागेल.