नीलकंठाचं पोट

९ जाने., न्हावरे
तक्रार नोंदवून ठेवतो. ज्या ड्रॉपरने मी पेनात शाई भरतो, म्हणजे ज्याच्यावर या भागाची अख्खी वार्ताहरकी चालते, तो आज सकाळी टेबलावरून अपहृत झाला. माझी संमती न घेता तो गरम पाण्यात बुडवण्यात आला. आरोपी : सौ. मंदाकिनी. हेतू : मांजराचं पिल्लू. प्रस्तुत मजकूर पेन्सिलीने लिहावा लागतो आहे.

पिल्लू परवा न्हाणीघरामागच्या सरपणात दिसलं. मांजरी पिल्लं हलवत होती. बाकीची एकेक करून नेली, हे ठेवलं. काल दिवसभर वाट पाहिली, आली नाही. डोळे मिटलेले, रंग राखेचा, आकार वांग्याएवढा. ओरडायलाही जोर नाही.

ड्रॉपर पुरता धुतला गेला नव्हता. पहिला घोट निळसर गेला. हनुवटी निळी, गळा निळा. नाव वेगळं शोधावं लागलं नाही : नीलकंठ.
मंदा : "अहो, विष पोटात गेलं की काय?"
म्हटलं, खऱ्या नीलकंठालाही पचलं होतं. पण घाबरलो होतो. नंतरचं दूध पांढरं गेलं.

१० जाने.
शेजारचे तात्या आले. दूध सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे जनावरांविषयी त्यांचा शब्द गावात शेवटचा. बुटाच्या खोक्यात डोकावले.
"पत्रकार, जगत न्हाई हे."
"कशावरून?"
"मांजरीला कळतंय की. तिनं टाकलं म्हंजी टाकलं."
"तो खालच्या कोर्टाचा निकाल झाला, तात्या. आपण वर अपील केलंय."
"वकील कोन?"
"मंदा."
"मग लांबंल केस," म्हणाले आन् चहा पिऊन गेले. (हा 'आन्' त्यांचाच. कानातून हातात येतो.)

पाठशाळेत मार्जारन्याय शिकलो होतो. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं, तसा देव भक्ताला नेतो. नी. आपल्या वाटचं काम चोख करतो : पडून राहतो. उचलून नेणारीच रजेवर गेली आहे. शास्त्रकारांनी या प्रसंगाची सोय केलेली नाही. आम्ही करतो.

११ जाने.
थंडी बोचरी. बल्बची ऊब द्यावी तर लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत कोमट पाणी, वर माझा लोकरी पायमोजा. नी. त्याला चिकटून झोपतो. माझा एक पाय उघडा.

पाजण्याचं काम मंदाचं. मी दिवसभर गावोगाव, ती घरी. ती त्याला मांडीवर उताणं घेऊन पाजते, तान्ह्या पोरासारखं. मला म्हणाली, "तुम्हाला नाही जमायचं, तुम्ही घाई करता."

१२ जाने.
तात्यांनी स्वतःच्या म्हशीचं दूध पाठवलं. जगत नाही म्हणणारा माणूस दूध का पाठवतो, हे विचारायचं राहिलं. निरोप : "सातची फॅट हाय. पानी घालू नका, म्हशीचा अपमान हुईल."
म्हशीचा मान राखला.

१३ जाने.
मान महागात पडला. नी.चं पोट संबळासारखं ताणलेलं. आज पहिल्यांदा ओरडला, तोही दुखतं म्हणून. खोकं पिशवीत, पिशवी मांडीवर, एसटीने शिरूर. कंडक्टर : "काय हाय त्यात?" म्हटलं, बातमी.

गुरांचे डॉक्टर हसले. "अहो, मी गाई-म्हशींत जन्म काढला, हे वांगं कुठून आणलंत?" पण हात हलका. शिकवलं ते : पालथं ठेवूनच पाजायचं, उताणं नाही, दूध फुप्फुसात जातं. शेळीचं दूध, पातळ करून. थोडं थोडं. पाजलं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर शी-शू होत नाही. आणि : "जास्त झालं तर मात्र मरेल. उपाशी थोडा वेळ निघतो, हावरटपणा नाही निघत."
"जगेल?"
"तुम्ही संस्कृतवाले ना? 'जगेल' हे संशयार्थी समजा."
मी आज्ञार्थी समजलो.

१५ जाने.
शेळीचं दूध मानवलं. पोट सैल. कापसाचा विधी मी करतो, पाजणं मंदाकडेच. तात्यांना सांगितलं, तुमची म्हैस पक्षकार म्हणून वगळली आहे. ते दुखावले. "फॅट सोसायला बी पोट लागतं," म्हणाले.

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन. उपसंपादक विचारतो, कांद्याची बातमी कुठे आहे. म्हटलं, कांदा थांबेल, तो खाणाराचा जीव घेत नाही. त्याला समजलं नाही. समजू नये अशीच योजना होती.

१६ जाने.
पुन्हा फुगलं. दूध तेच, पाणी तेवढंच. मी घरी आलो तेव्हा नी. खोक्यात कलंडलेला, नाकाशी दूध.
तात्या कुंपणावरून : "शेळीचं थंड असतंय. बोललो व्हतो."
मी नको इतका चिडून बोललो. हे पिल्लू जगणार, आणि तुमच्या ओट्यावर येऊन तुमच्या सातच्या फॅटची साय खाणार, वगैरे. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खाऊ द्या की."

१८ जाने.
डोळे उघडले. आधी डावा, दुपारी उजवा. दोन्ही निळसर. जगाकडे पाहण्याची नजर माझ्या उपसंपादकासारखी : विश्वास नाही.

मंदाने विचारलं, "याचा गळा निळा का हो?" मी ड्रॉपरची कथा पुन्हा रंगवून सांगितली. ती नव्याने ऐकावी तशी हसली. मला वाटलं, माझी खोड माझ्यावरच उलटवते आहे. दाद दिली.

१९ जाने.
पुन्हा पोट. पाजून झालं होतं का? मंदा म्हणते, "सकाळपासून एकदाच. मी काय वेडी आहे?" मग दोष कुणाचा? शेळी बदलली. शेळीवाली म्हातारी म्हणाली, "मांजराच्या जातीला शेळ्या बदलून देताय, सोयरीक करायची का?"

मी माघार घेणार नाही. तात्यांनी खड्डा घ्यायला कुदळ देऊ केली, ती परत पाठवली.

२० जाने.
रेल्वेच्या बातमीसाठी दौंडला जायचं होतं. चौफुल्यावर बस बदलायची, तिथेच मन फिरलं. परतीची गाडी धरली. दौंडची रेल्वे माझ्याशिवाय धावत असते.

ऊन कलायच्या आत घरी. मंदा पाजत होती. पालथं धरून, बेताने, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मी कापूस घेतला, विधी झाला, नी. झोपला. मी पाय धुवून आलो तर ती पुन्हा वाटी घेऊन बसलेली.
"काय करतेस?"
"पाजते. सकाळपासून उपाशी आहे बिचारं."
"आत्ता पाजलंस ना, माझ्यासमोर."
"कधी?" मग हसली. "बसा. तुमची थट्टा मला कळत नाही होय?"
मीही हसलो. म्हटलं, पकडलंस. वाटी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, आता माझी पाळी, तू चहा टाक. तिने टाकला. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. दोन्ही प्यालो.

२१ जाने.
शिरूरला जाणं नाही, कुठेच नाही. ड्रॉपर आता माझ्या सदऱ्याच्या खिशात. मंदाला सांगितलं, पेनाला हवा आहे. ती म्हणाली, "लेख लिहा मग, नुसता मिरवू नका."

नी.चं पोट आज दिवसभर मऊ. खोक्याच्या काठावर पंजा टाकला, पडला, पुन्हा टाकला.

तात्या पाहायला आले. "मग? कशानं फुगत व्हतं?"
म्हटलं, माझ्याने. मला अंदाज नाही, जास्त पाजत होतो.
"तुम्ही? वैनी पाजत व्हत्या न्हवं?"
"मीच."
तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे. कुदळीचं नाव काढलं नाही.

नी. जगेल. गाव, डॉक्टर, त्याची आई काहीही म्हणोत, तो जगेल, त्याबद्दल मला आता शंका नाही.

मला काळजी मंदाची वाटते. पन्नाशीही झालेली नाही तिची. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि न्यायचं तर कारण तिला सांगायला हवं. गंभीर चेहरा करून सांगितलं तरी ती म्हणेल, थट्टा करता. आजवर मी गंभीर चेहऱ्यानेच थट्टा करत आलो. खरं सांगायचं असलं तर तोंड कसं करायचं, ते मला माहीत नाही.