उचलून नेता येईल असं शहर

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांच्या शहराची लोकसंख्या काल एक लाख ऐंशी हजारांवर गेली आणि आज ते शहर उघडायला लॅपटॉपला अकरा मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजलं. बाबा तेवढ्यात चहा पिऊन, पेपर चाळून पुन्हा येऊन बसले. तक्रार नाही. बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. हयात मंजुऱ्यांची वाट पाहण्यात गेली.

तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा रेवाने त्यांना हा खेळ शिकवला. ओसाड जमिनीवर शहर वसवायचं. तिच्या वर्गातली मुलं आधी मनोरे उभारतात. बाबा आधी गटारं टाकतात. माझी मुलगी आजोबांच्या शेजारी तासन् तास बसून पाण्याच्या उताराबद्दल ऐकून घेते, याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत ते मला कळत नाही.

निर्णय: बाबांसाठी नवा संगणक मी स्वतः जुळवणार. उचलून नेता येईल असा. कारण २८ मार्चला ते पुण्याला, अजयकडे जातील. हिवाळा जयपूरला माझ्याकडे, उन्हाळा-पावसाळा पुण्याला धाकट्या भावाकडे; सहा-सहा महिने. ही वाटणी आई गेल्यावर आम्ही दोघांनी केली. मुलीनेही निम्मी जबाबदारी घ्यायची, हा आग्रह माझा होता. काकांच्या भुवया उंचावल्या होत्या. मला त्या वाटणीचा आजही अभिमान आहे.

अजय सांगतो की पुण्यात बाबा लॅपटॉप उघडतच नाहीत. साहजिक आहे. यंत्र दुबळं.

४ फेब्रुवारी

अटी मांडल्या.
वजन पाच किलोंच्या आत. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बाबांना घातलेली मर्यादा तीच आहे. केस दहा लिटरच्या आसपास, अॅल्युमिनियमची. वर मूठ. आवाज नगण्य. तापमान मी सांगेन तेवढंच. उष्णतावहन शिकवण्यात पंधरा वर्षं घालवली आहेत, तिथे तडजोड नाही.

नवरा, शि., म्हणतो, "मोठा लॅपटॉप घेऊन टाक ना सरळ." विमा कंपनीतला माणूस, धोका टाळण्याकडे कल. त्याला समजावलं की लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच अंथरुणात झोपतात, एकाला ताप आला की दुसऱ्यालाही येतो. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पेशंटला विचारलंय का?"
थट्टा त्याला जमते. विषय त्याला जमत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

केस निवडली. चौदा पाहिल्या, तेरा नाकारल्या. हिच्या आत मधोमध एक पाठीचा कणा आहे: एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला त्याच्या पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड. दोघांना जोडणारी चपटी केबल. एक मि.मी. वाया घालवलेला नाही. ही केस ज्याने आखली त्याला एकदा भेटावंसं वाटलं.
मागवली. परत घेत नाहीत, असं लिहिलं होतं. परत करायचा प्रश्नच येत नाही.

११ फेब्रुवारी

कॉलेज सुटल्यावर जगतपुऱ्याहून थेट बाजारात. दुकान जिन्याखालचं, दोन खुर्च्या, दुकानदार माझ्याच वयाचा. माझी यादी त्याने एकदाच वाचली.

"मॅडम, बच्चा कौनसा गेम खेलता है?"
"बच्चा चौऱ्याहत्तर साल का है," मी म्हणाले, आणि खेळ सांगितला.
तो हसला नाही. त्याने ग्राफिक्स कार्डावर पेन ठेवलं. "ये तो आपने बारात का घोड़ा ले लिया. शहर वाले गेम में सारा काम प्रोसेसर करता है. दो लाख लोग हैं, हर आदमी को सुबह दफ़्तर पहुँचाना है, वो हिसाब कार्ड नहीं करता. कार्ड छोटा लो, प्रोसेसर बड़ा लो, रॅम दुगुनी."

मी वाद घालायला यादी परत ओढली आणि पुन्हा वाचली. त्याचं बरोबर होतं. मी सर्वांत महागड्या वस्तूला सर्वांत महत्त्वाची समजले होते. विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी समासात लाल शेरा मारला असता.

छोटं कार्ड घेतलं तर तीनशे साठ ग्रॅम वाचतात, हा वरचा लाभ. परतताना ऑटोत लक्षात आलं की मी त्याला नीट धन्यवादही दिले नाहीत. शनिवारी जाऊन द्यायचे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिले. तो म्हणाला, "अरे मॅडम, चाय पीजिए." प्यायले. साखर जास्त. तरी पूर्ण प्यायले.

१९ फेब्रुवारी

एक चूक वेळेत सापडली. केसमध्ये कूलरला सहासष्ट मि.मी. उंची मिळते, मी निवडलेला पासष्टचा. उत्तम. पण त्याचा पंखा बाजूला इतका पसरतो की रॅमच्या पट्ट्या त्याच्याखाली येतात, आणि मी निवडलेल्या पट्ट्यांवर शोभेचे पत्रे आहेत. कागदावर दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या बरोबर होत्या. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची हुबेहूब प्रतिकृती करून पाहिली तेव्हा पुठ्ठा पुठ्ठ्यावर आपटला.

रेवा: "आई, मतलब तू खरंच पुठ्ठ्याचा पीसी बनवतेयस?"

हे मला बाबांनीच शिकवलं होतं. बारावीच्या सुट्टीत, भोपाळच्या क्वार्टरमध्ये: नकाशावर विश्वास ठेव, पण दार बसवायच्या आधी चौकट हाताने मोज. माझी सगळी पदवीपत्रं त्या एका वाक्याची वाढवलेली आवृत्ती आहेत. बिनपत्र्याच्या बुटक्या पट्ट्या मागवल्या.

बाबा बराच वेळ प्रतिकृतीकडे पाहत उभे होते.
"वरती मूठ कायले?"
"उचलायला."
"कोण उचलणार?"
"तुम्हीच, बाबा. म्हणून तर साडेचार किलोंत बसवतेय. गाडीत सीटखाली जाईल."
"हं," म्हणाले. "चांगलं करून राहिली." आणि फिरायला गेले.
पसंत पडलं.

२६ फेब्रुवारी

बाबांनी चार दिवस शहर उघडलेलं नाही. लॅपटॉपला कंटाळले असणार. सामान लवकर यायला हवं. केस आली, कुरिअरवाल्याने दारात आपटली, सुदैवाने एक ओरखडाही नाही.

१ मार्च, शनिवार

अजयचा फोन. धाकटा असून थोरल्यासारखा बोलतो. "ताई, तो डबा ठेवायचा कुठे? टेबल एकच आहे, त्यावर नेहाचं ऑफिस चालतं. बाबा हॉलमध्ये असतात."
मी म्हटलं, टेबल घे.
"टेबल घेईन गं. भिंत कुठून आणू?"
वैतागून फोन ठेवला. बाप सहा महिने येतो आणि यांच्याकडे भिंत नाही.

हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. म्हणजे तीन वर्षं बाबा तिथे लॅपटॉप ठेवत कुठे होते? मांडीवर?
पुण्यात न खेळण्याचं कारण मी 'यंत्र दुबळं' असं लिहिलं आहे. कुणालाही न विचारता.

३ मार्च

कितीही जड गेलं तरी हे लिहीनच, असं ठरवून लिहिते आहे.

संध्याकाळी रेवा स्वयंपाकघरात आली. कणीक भिजवत होते. म्हणाली, "आई, आजोबांना विचारलं की नव्या पीसीवर नवीन शहर बनवू या का. ते बोलले, तो डबा माझा नाही, तुझ्या आईचा आहे. मला पाठवायला बनवतेय."

आधी राग आला. रात्रंदिवस खपून, एकेक ग्रॅम मोजून... मग ते मोजणं कशासाठी होतं ते डोळ्यांपुढे आलं. डॉक्टरांची मर्यादा, सीटखालची जागा, वरची मूठ. माझी प्रत्येक अट त्यांच्या इथून निघण्याबद्दल होती. त्यांच्या इथे असण्याबद्दल एकही नव्हती.

कणकेच्या हातांनीच त्यांच्या खोलीत गेले.
"बाबा, तुम्हाला वाटतं मी तुम्हाला घालवतेय?"
"नाही गं मंजू. असं कुठं म्हटलं मी."
"रेवाला म्हटलंत."
म्हणाले, "ती पोट्टी सगळं सांगते." मग खिडकीकडे पाहत, सावकाश: "अकरा बदल्या केल्या मी. दर वेळी तुझ्या आईनं सामान बांधलं. फार सुरेख बांधायची. एक कप फुटला नाही कधी. तू तिच्यावर गेली. पण आता वाटते, एखादी वस्तू अशी असावी घरात, की जी हलवता येत नाही."

मी विचारलं, पुण्याला जायचं नाही का. म्हणाले, असं नाही, अजयचंही मन आहे, नातू आहे तिथं.
मग काय हवंय? तर म्हणाले, "हे कोणी विचारलं नव्हतं ना. एकदम कसं सांगू?"

ते खरं आहे. सहा-सहा महिन्यांची वाटणी झाली तेव्हा ते शेजारच्या खोलीत होते. आम्ही त्यांना निकाल सांगितला. न्याय्य होता, आणि ज्याच्याबद्दल होता त्याला वगळून होता. मला त्या वाटणीचा अभिमान होता. होता.

रेवाने ते जसंच्या तसं येऊन सांगितलं, हे तिचे उपकारच. तिच्या जागी मी असते तर गप्प राहिले असते, शहाणपणा म्हणून.

४ मार्च

अजयला फोन. दोष देणार नाही, असं कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग: "ताई, तू चिडशील असं वाटायचं, म्हणून मी त्यांना तुझ्याकडेच ठेवून घे म्हणत नव्हतो. आणि तुझ्याकडून जास्त दिवस मागायचे नव्हते म्हणून सहा महिने झाले की पाठवून देत होतो."
दोघंही वाटणीला इमान राखत होतो. हसायला आलं दोघांना. बरं वाटलं. भाऊ आहे मला, हे बऱ्याच दिवसांनी जाणवलं.

ठरलं: तिकीट राहू द्यायचं. पण ते बाबांना बांधील नाही. ते सांगतील तसं. दोघांनीही ढकलायचं नाही, कोणत्याही बाजूला.

९ मार्च, रविवार

शि.ला विचारलं, या केसचं काय करू, परत घेत नाहीत. मोठी, जड, हलणार नाही अशी केस आणू का बाबांसाठी?
तो म्हणाला, "पुन्हा तूच ठरवतेयस."
या माणसाला मी या कामात दुसऱ्यांदा कमी लेखलं. नोंद करून ठेवते.

बाबांना विचारलं. तर म्हणाले, "फेकतं का कोणी एवढी चांगली वस्तू? आण इकडं. पाहू दे आत काय आहे."

१६ मार्च, रविवार

जुळवणी. होळीचा रंग अजून बाबांच्या कानामागे. टेबलावर जुनी चादर, चष्म्यावर चष्मा. मी सूचना वाचणार आणि ते स्क्रू लावणार, असं ठरलं; अर्ध्या तासात उलट झालं. प्रत्येक केबल कुठून फिरवायची ते त्यांनी सांगितलं. "इथून नको. दुरुस्तीला हात जाईल अशी वाट ठेव." मी आखलेली वाट आखूड होती, त्यांची योग्य. हात जायला जागा ठेवणं माझ्या अटींत नव्हतं.

पॉवर सप्लायची एक जाड केबल बाजूच्या पत्र्याला टेकत होती, झाकण बसेना. दोन मि.मी. मी हताश. बाबांनी ती केबल अंगठ्याने दाबत दाबत, वेलीला वळण द्यावं तशी वळवली. बसलं.

चार किलो सहाशे ग्रॅम. त्यांनी उचलून पाहिला, एका हाताने. "हलका आहे," म्हणाले. बोलण्यात कडवटपणा नव्हता, मी नीट ऐकलं.

शहर उघडलं. अडतीस सेकंद. रेवा ओरडली, बाबा फक्त खुर्ची पुढे ओढून बसले. सगळे नागरिक सकाळच्या कामाला निघाले, एकही चौक तुंबला नाही. तापमान माझ्या अंदाजापेक्षा तीन अंशांनी कमी. श्रेय त्या हात जायच्या वाटेला. हवाही तिथूनच जाते.

मी इतकी तृप्त क्वचितच झाले असेन.

२२ मार्च, शनिवार

कामाच्या संतोषबाई शीतलामातेच्या मेळ्यासाठी चाकसूला गेल्या. त्या दिवशीच्या प्रथेप्रमाणे कालचं केलेलं थंड जेवण आम्ही सगळे जेवलो. बाबांनी दुकानदाराला भेटायचं म्हटलं, म्हणून त्यांना घेऊन गेले. दोघं पाऊण तास बोलले, मला कुणी विचारलं नाही. निघताना तो म्हणाला, "बाबूजी, आते रहिएगा." बाबा म्हणाले, "देखते हैं." नुसतंच.

२४ मार्च

बॅग काढलेली नाही. मी विचारत नाही. अजयही विचारत नाही. रोज फोन करतो आणि नातवाच्या गोष्टी सांगतो, बाबा ऐकतात, हसतात. न विचारणं किती कष्टाचं काम आहे याची मला कल्पना नव्हती.

२५ मार्च, मंगळवार

चहा घेऊन गेले तर जुनं शहर बंद होतं. पडद्यावर नवी, मोकळी जमीन. मधून एक नदी. बाबा कागदावर पेन्सिलने उतार काढत होते.
"हे मोठं काम आहे," म्हणाले. मान वर केली नाही. "वर्ष तरी लागेल पुरं व्हायला."
कुठे बसून, ते मी विचारलं नाही. चहा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि कागदावरचा उतार पाहत उभी राहिले. एके ठिकाणी मला तो कमी वाटला. बोलले नाही. त्यांनीच तो खोडला.