पाठमोऱ्या माणसाशी गप्पा

नाही हो वन्सं, चित्र पाडलं नाही. नुसतं हललं. तुमच्या भाच्याने फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं असणार. असो. आधी नमस्कार, मग गुडघ्यांची चौकशी (तेल लावता ना, की बाटलीकडे नुसतं बघता?), आणि आता खरं ऐका.

परवा परत निघायचंय. उद्याचा एकच दिवस उरलाय आणि आमच्या चिरंजीवांनी फर्मान काढलंय, आईने हॉटेलच्या खोलीत बसायचं, म्युझियमचं नाव काढायचं नाही. मला तर उद्या तिथेच जायचंय! म्हणून हा कागद. (सूनबाई फोटो काढून तुमच्या फोनवर टाकेल. तिला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा बिनधास्त लिहिते.)

झालं काय, आत शिरताच माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, पळू नका, एकच चित्र निवडा, शांत उभे राहा, चित्राशी बोला. तुमचा भाचा तोवर पार पलीकडच्या दालनात! मीटर बघायला आलेल्या माणसासारखा; भिंतीवर फोन रोखला की लगेच पुढची भिंत. मी आपली आज्ञाधारक. निवडलं एक. खिडकीशी बसून बूट पुसणारा पाठमोरा माणूस. आधी नुसता तपकिरी ढीग वाटला. बघत राहिले तर काय सांगू, वन्सं! एका बाजूने दुमडलेली कॉलर दिसली, मग मानेवरचा घाम, मग बुटाची झिजलेली टाच... अंगावर काटाच आला! बाई बोला म्हणाल्या होत्या, म्हणून बोलले. मोठ्याने. (मनातल्या मनात बोलायचं असतं हे मला कोण सांगणार?) "अहो, कॉलर सरळ करा. आणि किती घासाल, कातडं निघेल!" मागे गर्दी जमली. एक टोपीवाले आजोबा म्हणतात, "बरोबर आहे बाईंचं, पॉलिश जास्तच झालंय." मला चेव चढला. म्हटलं, "जरा वळा की इकडे!" तो कसला वळतोय. मग चौकटीला हात घालून मी मागून डोकावले. घंटा अशी ठणाणली की आजोबांची टोपी पडली. पहारेकरी धावत आला, "काय शोधताय?" म्हटलं, "ह्यांचं तोंड." सूनबाई हसून हसून खाली बसली, आणि तुमचा भाचा, मी त्याची कोणीच नाही असा दाराकडे बघत उभा!

तुमची (म्हणाल तर लाडकी)
वहिनी

ता.क. त्याला फोन करा. तो आत्याचंच ऐकतो. सांगा, आई हात मागे बांधून उभी राहील.

आणखी एक ता.क. जन्मभर हे पुढे चालले आणि मी मागे, त्यामुळे मान तेवढी पाठ आहे. त्या चित्रातली मान तशीच आहे, वन्सं. घरी हार घातलेला फोटो आहे, पण त्यातला ताठ बसलेला माणूस मला परका वाटतो. मला तुमच्या भावाचं तोंड आठवेनासं झालंय.