मनूचं सर्टिफिकेट

७ जुलै, सोम.
नातीच्या शाळेत बोलावणं. शिर्के बाई म्हणाल्या, "आजी, मनू हुशार आहे. अक्षरंच तिला धरता येत नाहीत. हा आळस नव्हे." दहावीला जादा वेळ, लिहायला लेखनिकही मिळेल. पण सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट पाहिजे, शनिवारच्या आत. परवाची तपासणी बाईंनी लावून दिली. मराठीचं पुस्तक न्यायचं.
इतकी वर्षं आळशी म्हणून धोपटली मी हिला. आधीच्या एकाही मास्तराने हे सांगितलं नाही, मेले.

८ मंगळ.
सकाळपासून बसवली. मी वाचायचं, तिने मागून म्हणायचं. माझी चौथी झालेली, मीच अडखळते. पण आमच्या भजनी मंडळात निम्म्या बायका अशाच शिकल्या, कानाने. दिवेलागणीपर्यंत चार धडे घडाघडा. म्हटलं, उद्या डॉक्टरसमोर नाक कापू नकोस गो.

९ बुध.
डॉक्टर बाई तरुण. पहिलाच धडा काढला. मनू सुटली ती थांबेना. पान मी उलटलं. "छान वाचते की! सर्टिफिकेट कशाला?" तसंच लिहून दिलं. मी खूश. पेढे घेऊन शाळेत.
शिर्के बाईंनी पेढा हातातच धरला. "आजी, तिला वाचता येत नाही हेच तर दाखवायचं होतं."
मी तिथेच बाकावर बसले. पोरीचा गळा मीच कापला.

१० गुरु.
परत हॉस्पिटल. शिपाई म्हणतो, पुढची तारीख दिवाळीनंतर. तुझ्या दिवाळीला काय जाळू? डॉक्टर बाई जेवायला निघाल्या तेव्हा वाट अडवून उभी राहिले. "पाठ करून घेतलं मी. पोरीची चूक नाही." हसल्या नाहीत. उद्या नऊला या, दुसरं पुस्तक काढते म्हणाल्या.
घरी मनूला सांगितलं, उद्या चुकलीस तरी चालेल.
"आजी, चुकले की मारतेस ना तू?"
भाजी करपली.

११ शुक्र.
मनू तोंडच उघडेना. पुस्तक पुढ्यात. ओळीवर बोट ठेवते, माझ्या हाताकडे बघते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."
बाहेर बसलेय. तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहितेय. अर्धा तास झाला. दाराला कान लावला, आत काही ऐकू येत नाही. शिपाई बघतो म्हणून परत बसले.
उद्या शनिवार.
वाच गो. चुकत चुकत वाच.