वाघदेवापुढचं मत

प्रिय तेजल,

'प्रिय' हे वत्सलाबाईंनी घातलंय. मी म्हटलं होतं, 'ए पोरी' लिहा. त्या म्हणाल्या, पत्रात तसं चालत नाही. अंगणवाडीतल्या पोरांना दिवसभर दटावणारी बाई, मला थोडीच सोडणार! मी बोलते, त्या लिहितात, आणि माझं 'हाय-नाय' धुऊन-पिळून तुझ्यापर्यंत पोचवतात. गुरुवारी त्या मीटिंगला नाशिकला येणार आहेत, तेव्हा तुझ्या नर्सिंगच्या होस्टेलवर हे हातात देतील. घरात बसून मला हे सांगवत नव्हतं, म्हणून आम्ही अंगणवाडीच्या मागे बसलोय. तुझ्या आईला वाटतंय, मी गुडघ्यासाठी गोळी मागायला आलेय.

तुझी आई ग्रामपंचायतीला उभी राहिली हे तुला ठाऊकच आहे. चिन्ह मिळालं कपबशी. आपल्या घरात कान शाबूत असलेला एक कप नाही, आणि आशाबाई पाडाभर कपबशी मागत फिरतायत! मी असं चिडवलं की ती हसते. हल्ली ती हसली की मला तिच्याकडे बघवत नाही. तिला पाड्यावर पाण्याची टाकी आणायची आहे. उन्हाळ्यात झऱ्यापाशी वाटी घेऊन तूही बसलेली आहेस, तुला वेगळं काय सांगू. समोर भागीबाई आहे, छत्री घेऊन. बाई तशी गरीब, पण नवरा झुंबर मुकादम. त्याच्याच ट्रकमधून सगळे निफाडला द्राक्षबागेत कामाला जातात. तुझा बाप, माझा नवनाथ, आत्ताही तिकडेच आहे. ज्याला मुकादम ट्रकमध्ये घेत नाही, त्याने वर्षभर खायचं काय?

मागच्या साली शाळेत नावं नोंदवायला साहेब आले होते, आठवतं? तू नुकती अठराची झाली होतीस, आणि अख्ख्या पाड्याला हाताला धरून रांगेत उभं केलंस. साहेबांनी माझं वय विचारलं, तर मी म्हटलं, दात मोजा आणि काय ते लिहा. त्यांनी खरंच तोंडाकडे बघितलं, आणि तू लाजून लांब पळालीस. येताना मला म्हणालीस, आजी, मत ज्याचं त्याचं, पडद्याआड कोणी बघत नाही. मला ते लई आवडलं. (हे 'लई' राहू द्या, वत्सलाबाई.) माझं एकटीचं म्हणावं असं काही नव्हतंच कधी. विडीसुद्धा अर्धी तुझा आजा ओढायचा.

पण पडद्याआड दिसत नाही, हे मुकादमालाही कळतं. म्हणून त्याने आमचं मतदान आधीच उरकून घेतलं, वाघदेवापुढे. तुझी आई त्या दिवशी वरच्या पाड्यावर गेली होती, तो दिवस त्याने बरोबर धरला. नारळ फोडला, शेंदूर लावला, आणि एकेकाला पुढे बोलावलं. मुठीत नागलीचे दाणे घ्यायचे, दुसरा हात देवावर ठेवायचा आणि म्हणायचं, छत्री सोडून दुसरीकडे शिक्का मारणार नाही. मी गुडघा धरून मागे राहिले. तर म्हणतो, "अक्काबाई, देव उचलून तुमच्या दारात आणू का?" सगळे हसले. मीही हसले. मग हळूच म्हणाला, "नवनाथ बरा आहे ना तिकडे? चांगला कामाचा गडी आहे." एवढंच. धमकी म्हणशील तर नाही. मी उठले आणि पुढे गेले. उमेदवाराची सासूच छत्रीची झाली म्हटल्यावर बाकीच्यांना तोंडच राहिलं नाही. त्याला तेच हवं होतं.

रात्री तुझ्या आईने नेहमीसारखी गरम भाकरी पुढ्यात ठेवली. कोणी तिला सांगितलेलं नाही, कारण सगळ्यांचेच हात तिथे लागलेत. ती बिचारी मोजत बसते, हा आपला, ती आपली. मी मान डोलावते. मनात म्हटलं, मरू दे तो मुकादम, शिक्का मी कपबशीवरच मारणार. नुसतं मनात म्हटलं, आणि सकाळी गोठ्यात बघते तर शेळी नाही. दोरी तुटलेली, मातीत पंजे उमटलेले. शेजारचा पुंजा म्हणाला, यंदा बिबटे खाली उतरलेत. वत्सलाबाईही तेच म्हणतात. असेलही. पण शेजारी चार घरं सोडून तो माझ्याच गोठ्यात कसा आला? तेव्हापासून अंधार पडला की मी गोठ्याकडे फिरकत नाही. पान वाजलं तरी दचकते. नुसतं मनात आणलं तर शेळी गेली, शिक्का मारला तर काय जाईल?

तू म्हणशील, म्हातारीचं आता जाऊन जाऊन काय जाईल! तसं असतं तर मी हसत शिक्का मारला असता. पण मुकादम माझ्या जिवावर थांबला नाही, पोरी. म्हणाला, तुमचं काय, पिकलं पान. नातीचं नाव घ्या. आणि मी तुझं नाव घेतलं. वाघावर हात ठेवून, तुझ्या डोक्याची शपथ. लहानपणी तू मला शपथ घालायचीस, आणि मी मिठाई काढून दिली की "सुटली" म्हणायचीस. ज्याच्या नावाची शपथ, त्यानेच सोडवायची असते. ते कागदावर चालत नाही, मला वाचताही येत नाही. रविवारी मतदान आहे, तू येणारच आहेस. शनिवारी संध्याकाळच्या एसटीला मी फाट्यावर उभी असेन. घरी जायच्या आधी, आईला भेटायच्या आधी, मला एकदा तोंडाने "सुटली" म्हण. आणि तुलाही भीती वाटली, तर काही बोलू नकोस. पिशवी माझ्या हातात दे आणि चालायला लाग. मी समजेन, आणि कागद कोराच घडी घालून पेटीत टाकीन. तुझ्या आईला कधीच कळणार नाही.

वाट बघणारी, तुझीच घाबरट
आजी