वच्छलाबाईंचे नाव विधानातून न वगळण्याबाबत

प्रति,
मा. कार्याध्यक्ष, प्रबंध मान्यता समिती,
गोदातीर इतिहास संशोधन मंदिर,
गुलमंडी, औरंगाबाद.

विषय : प्रबंधाचे मध्यवर्ती विधान आहे तसेच मान्य करण्याबाबत.
संदर्भ : 'विधान पंधरा दिवसांत दुरुस्त करा, अन्यथा नोंदणी रद्द' असे कळवणारे आपले दि. २३ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळवते, की विधान दुरुस्त होणार नाही. कारणे पुढे देते.

१. आपल्या नियमपुस्तिकेनुसार विधान एका वाक्यात, नेमके आणि ज्यावर कोणी वाद घालू शकेल असे असावे. पहिल्या खेपेस मी लिहिले होते, 'निजामी राजवट संपवणाऱ्या १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर सांडूवाडीच्या शाळेचे माध्यम उर्दूचे मराठी झाले.' समितीने शेरा मारला, की ही नुसती माहिती झाली. शेरा रास्त होता. सहा महिने गावात हिंडून मी पुन्हा लिहिले, 'सांडूवाडीच्या शाळेत मराठी आली ती सरकारी हुकमामुळे नव्हे, तर वच्छलाबाई कडूबा गायके यांनी उर्दूच्या मास्तरांना आपल्या ओट्यावर लिहायला शिकवले म्हणून.' आता समिती म्हणते, यावर वाद होईल. महोदय, व्हावा असेच आपण सांगितले होते ना?

२. विधानात 'कदाचित' व 'काही अंशी' घालावे, अशी सूचना आहे. कदाचित शिकवले म्हणजे काय? हुकूम आला तेव्हा मास्तरांना मराठी बोलता येई, लिहिता येत नव्हती. पुस्तके चार महिन्यांनी आली. हजेरीपट सांगतो, की तोवर शाळा एक दिवसही बंद नव्हती. मग फळ्यावर अक्षरे कुठून आली? गावात देवनागरी येणारे एकच माणूस होते. सासऱ्यांची पोथी वाचून दाखवणाऱ्या वच्छलाबाई.

३. एका सन्माननीय सदस्यांनी सुचवले, की बाईंचे नाव काढून 'स्थानिक सहकार्य' लिहावे, कारण शाळेच्या दप्तरात त्या कुठेच नाहीत. नाहीत हे खरेच. म्हणून तर प्रबंध लिहिते आहे. बाई मला म्हणाल्या, "मास्तर रोज सांजच्याला येऊन पाटीवर गिरवायचे. लई घोटून घेतलं म्या. पन मला कुनी इचारलंच नाय, म्हून सांगितलं नाय." त्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सावकाश बघू म्हणण्याची सोय समितीला असेल, मला नाही.

४. शेवटचा आक्षेप असा, की ते मास्तर, नवाब शेख, माझे वडील असल्याने मी घरच्यांचा उदोउदो करते. उदोउदो असता तर वडील दोन महिने माझ्याशी अबोला धरून बसले नसते. आपण स्वतःच्या हिमतीवर मराठी शिकलो, असे ते अडतीस वर्षे सांगत आले आणि पोटच्या पोरीने ते खोडून काढले. माझ्या विधानाला याहून तगडा विरोधक मिळायचा नाही. रागाच्या भरात त्यांनी समितीसाठी लेखी हरकत दिली, ती सोबत जोडली आहे. मजकूर एवढाच : 'मी स्वतः शिकलो ॥ कोणी शिकवले नाही ॥ मुलगी चूक आहे ॥'

वाक्याच्या शेवटी टिंब असते ते सरकारी पुस्तकात. दोन उभ्या रेघा असतात पोथीत. आमच्या घरात पोथी कधीच नव्हती. मास्तरांना ही सवय कुठे लागली, ते समितीने त्यांनाच विचारावे.

तरी विधान जसेच्या तसे मान्य व्हावे. नोंदणी रद्द करावयाची झाल्यास तसे खुशाल कळवावे. प्रबंध मी तरीही पुरा करणार आहे आणि पहिली प्रत वच्छलाबाईंच्या हातात देणार आहे. त्यांना ती कोणी वाचून दाखवावी लागणार नाही.

आपली नम्र, परंतु या एका बाबतीत ठाम,

(सही)
जाहेदा नवाब शेख
मु. सांडूवाडी, पो. बिडकीन, ता. पैठण
दि. ९ मार्च १९८७

सोबत :
१. हजेरीपटाची नक्कल.
२. वच्छलाबाईंचे निवेदन. खाली त्यांची सही आहे, अंगठा नव्हे.
३. वडिलांची हरकत. मूळ प्रत असल्याने कृपया परत पाठवावी, घरातला वाद अजून मिटलेला नाही.